गुल्हाने सरांची दारू

“मी पितो,” आमच्या ह्यांनी सांगितलं.

तिजारे भाऊंनी मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चापूनचोपून बसवलेला भांग. व्यसनमुक्ती केंद्राची व्यवस्था बघण्यात भाऊंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांच्यापुढे येणारी माणसं एकतर पीत नसल्याच्या शपथा घेत, नाहीतर टेबलावरच आडवी होत. वर्गात हजेरी द्यावी तसं, घसा खाकरून “मी पितो” म्हणणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

“काय घेता जी? देशी का इंग्लिश?”

“दोन्ही. माध्यमाचा आग्रह नाही.”

“वास तं येत नाही.”

“इथे यायचं होतं ना, म्हणून आज घेतली नाही.”

“हात समोर धरा बरं.”

ह्यांनी हात धरले. भूमितीच्या मास्तरांचे हात ते, फळ्यावर नुसत्या खडूने गरगरीत वर्तुळ काढणारे. ते कशाला हलताहेत? थरथरत होते ते माझे हात, आणि ते मी पदराखाली एकमेकांत घट्ट दाबून धरले होते.

“कधीपासून लागली?” भाऊंनी विचारलं.

“पिशवी काढली तेव्हापासून,” मी बोलून गेले.

“कोणाची पिशवी?”

“माझी. माझ्या ऑपरेशनचं ह्यांनी फार मनाला लावून घेतलं.”

भाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, “चांगल्या घरची माणसं असंच करतात बाप्पा,” आणि त्यांनी ह्यांना पेशंट म्हणून आणि मला पेशंटसोबतची बाई म्हणून दाखल करून घेतलं.

आता खरं काय ते सांगते. आमचे हे, विनायक गुल्हाने, तालुक्याच्या शाळेत गणित शिकवत. दारू सोडाच, हा माणूस चहासुद्धा घेत नसे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, घरपोच मिळते. तरीही दर सव्वीस जानेवारीला निर्व्यसनी राहण्याची शपथ मुलांना द्यायची ती गुल्हाने सरांनीच. एका शिपायाच्या तोंडाला वास आला म्हणून त्यांनी त्याला शाळेच्या फाटकाबाहेर उभं करून लिंबू खायला लावलं होतं. आणि व्यसन होतं ते मला.

पिशवीच्या ऑपरेशननंतर दुखायचं, झोप यायची नाही. डॉक्टरांनी एक दुखण्याची आणि एक झोपेची अशा गोळ्या दिल्या, थोड्या दिवसांसाठी. दुखणं गेलं. गोळ्या राहिल्या. सुरुवातीला त्या हेच आणून द्यायचे, न चुकता. औषध अर्धवट सोडू नये असं ह्यांचं ठाम मत. पुढे मीच आणू लागले. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी मागायचा नाही. “गुल्हाने सरांच्या घरी चिठ्ठी कायले पाहिजे, काकू?” म्हणायचा. दारू प्यायलेल्या माणसाला गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखतात, पण गोळ्या घेतलेल्या बाईला कोणी ओळखत नाही. ती जरा मंद चालते, जरा कमी बोलते. लोक म्हणतात, किती शांत स्वभाव आहे!

एका सकाळी ह्यांनी पोह्याच्या डब्यातल्या माझ्या सगळ्या गोळ्या संडासात ओतून दिल्या. कसा काय सापडला डबा, मला कळलं नाही. एक शब्द बोलले नाहीत. ओतल्या, पाणी टाकलं, हात धुतले. ह्यांच्या मते प्रश्न सुटला होता. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी मला झटका आला आणि दातखीळ बसली.

असं झालं म्हणून आम्ही सोनटक्के डॉक्टरबाईंकडे पोचलो. मनाच्या डॉक्टर त्या. त्यांनी आधी ह्यांना झापलं. “या गोळ्या एका दिवसात तोडायच्या नसतात, सर. जिना उतरतो तशा उतरवाव्या लागतात. जीव गेला असता.” मग ह्यांना बाहेर बसवून त्यांनी मला सरळ विचारलं, “मरून जावंसं वाटतं का?”

इतकं सरळ मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. कुणालाही न सांगितलेली गोष्ट मानेने सांगून टाकली आणि मग रडायला लागले.

“ह्यांना सांगू नका,” मी म्हटलं.

“तुम्ही सांगेपर्यंत मी काही बोलणार नाही. पण तुम्हाला एकटं सोडायचं नाही आणि घरात जास्तीची एक गोळी ठेवायची नाही, एवढं सांगणारच. आणि तुम्हाला कुठेतरी दाखल करायला पाहिजे.”

आता कुठेतरी म्हणजे कुठे? सरकारी दवाखान्यात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, “बाईमाणसाचं व्यसन? तंबाखू असन. दाताच्या डॉक्टरले दाखवा.” मोठ्या शहरातल्या केंद्रात बायकांना घेत, पण तिथे नंबर लागायला मोसम उलटला असता. राहिलं हे केंद्र, जिथे डॉक्टरबाई स्वतःच आठवड्यातून दोनदा येत. ते होतं फक्त पुरुषांसाठी.

“बायांना तिथे येता येतं,” डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या, “पण पेशंटसोबतचं माणूस म्हणून. प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहिलंच पाहिजे असा तिथला नियम आहे. दारुड्याची बायको म्हणून खुशाल महिनाभर राहा, जेवा, वर उपदेश ऐका. स्वतः आजारी असाल तर मात्र जागा नाही.”

हे बराच वेळ गप्प होते. फळ्यावर आकृती काढून झाली की असेच गप्प उभे राहत, मुलं म्हणायची.

“म्हणजे पेशंट मी झालो तर शैलाला राहता येईल,” हे म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

“सर, गाव लहान आहे. एकदा नाव पडलं की पुसलं जात नाही. तुमची शाळा आहे, मुख्याध्यापकपद तोंडावर आलंय म्हणता.”

“ते दुय्यम पद आहे, डॉक्टर. इथे पक्ष काय, साध्य काय, एवढंच बघायचं,” हे म्हणाले. भूमितीचा मास्तर प्रेमात पडला तरी असंच बोलणार, दुसरं काय?

केंद्रात आमचे हे भलतेच आदर्श पेशंट निघाले. पहाटे प्रार्थनेला सगळ्यांत आधी, कवायतीत सगळ्यांत ताठ, ताट घासण्यात सगळ्यांत स्वच्छ. रक्ततपासणीचा कागद बघून तिथला लॅबवाला चक्रावला. “सरचं लिवर तं शाळकरी पोरावाणी हाय!” डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “काहींचं टिकतं.” दारू सुटताना अंग थरथरतं म्हणून तिथे माझ्याच गोळीच्या जातीची गोळी देतात, हळूहळू मात्रा उतरवत. डॉक्टरबाईंनी ती ह्यांच्या नावावर चढवली, माझ्या मापाने. सिस्टरने हातावर ठेवली की हे ती तोंडात टाकल्यासारखं करत, वर घटाघटा पाणी पीत, आणि मूठ मिटून मागच्या नळाकडे येत. तिथे मी धुणं घेऊन बसलेली असे. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला चोरून काही दिल्याचं ते पहिलंच.

त्या दिवसांत माझे हाल कुत्रा खात नव्हता. घाम, कापरं, डोळ्याला डोळा नाही, अंगातून मुंग्या फिरताहेत असं वाटे. भिंतीकडे तोंड करून रडायची. बाकीच्या पेशंटच्या आया-बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत. “नवऱ्याच्या दारूनं बाई पार खंगली बिचारी,” म्हणत आणि ह्यांच्याकडे खाऊ की गिळू बघत. हे मान खाली घालून बाजूने जात. मला लाज वाटे आणि हसूही येई, आणि त्या दोन्हींच्या खाली, खूप खाली, कंटाळा होता जगण्याचा, तो मात्र गोळीबरोबर उतरत नव्हता. डॉक्टरबाई दर वेळी विचारत, “ते विचार?” मी म्हणे, “आहेत.” “सरांना सांगितलं?” “नाही.” सांगून काय होणार, मला वाटे. ज्या माणसाने गोळ्या ओतून हात धुतले, त्याला हे काय कळणार!

मग ह्यांच्या बोलण्याची पाळी आली.

दर गुरुवारी दुपारी सगळे पेशंट आणि घरची माणसं सतरंजीवर गोल करून बसत. एका पेशंटने उभं राहून आपली कहाणी सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. बोलल्याशिवाय कोणाची सुटका नसे. आमच्या ह्यांनी पाठाची तयारी करावी तशी तयारी केली होती. शेजारच्या खाटेवरच्या सुखदेवला, तो ऑटो चालवायचा, खोदून खोदून विचारून ठेवलं होतं. तरी व्हायचं ते झालंच.

“मी रोज संध्याकाळी एक फुलपात्र देशी घेत असे,” ह्यांनी सुरुवात केली. “दुधाबरोबर.”

सतरंजीवर खसखस पिकली. सुखदेव पोट धरून म्हणाला, “दुधासंगं? सर, तुम्ही दारू पेत होते का बदाम?”

“कधी कधी पाण्याबरोबर.”

“अन् उतरल्यावर कसं वाटे जी? ते सांगा.”

उतरल्यावर कसं वाटतं, हे सुखदेवने शिकवलं नव्हतं. तिजारे भाऊ संशयाने बघू लागले. आता बिंग फुटणार आणि आम्हाला संध्याकाळच्या गाडीने घरी पाठवणार. घरी म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी. घरी मी फार दिवस राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ह्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“खरं सांगतो,” हे म्हणाले. “सुरुवातीला औषध म्हणूनच घेतली. डॉक्टरांनीच सांगितली होती. मग तिच्याशिवाय झोप येईना. मग तिच्यासकटही येईना. पोह्याच्या डब्यात लपवायची. घरी पाहुणे आले की हसायचं, ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचं. लोक म्हणायचे, शांत स्वभाव आहे. कोणाला काही कळत नाही असं मला वाटायचं. घरच्या माणसाला तर मुळीच कळत नाही, असं वाटायचं.”

हसणं थांबलं होतं. मी मान वर केली.

“एका दुपारी ठरवलं की आता पुरे. संपवायचं. घरात कोणी नव्हतं. सगळा ओटा घासला. डबे पुसून ओळीने लावले. मुलीला फोन केला, उगाच, तुझ्याकडे पाऊस आहे का म्हणून. देवघर स्वच्छ केलं. आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.”

ही माझी दुपार होती. मी ती डॉक्टरबाईंनाही इतकी उलगडून सांगितली नव्हती.

“पण घरचं माणूस परत आलं होतं,” हे म्हणाले. “चाचणीचे पेपर—म्हणजे काहीतरी विसरलं म्हणून. वाटेतच मुलीने फोनवर त्या माणसाला सांगितलं होतं की आवाज वेगळा येतोय. ते आलं, ओटा बघितला, डबे बघितले, बंद दार बघितलं. त्याला कळलं. सगळं कळलं.”

“मंग दार तोडलं का नाही?” सुखदेवने विचारलं. आता तो हसत नव्हता.

“नाही. घाबरलं होतं ते. काय बोलावं सुचेना. नाव घेऊन हाक मारावी तर आवाज फुटेना. शेवटी दाराशी जाऊन ते म्हणालं, चहा मिळेल का?”

“बाई नवऱ्याले चहा मागते?”

“आमच्याकडे चहा मीच करतो,” हे म्हणाले, आणि पुढे बोलू लागले. “दार उघडलं. रागाने उघडलं, पण उघडलं. चहा झाला. तो पिऊन झाल्यावर त्याने आणखी मागितला. मग आलं टाकून मागितला. मग साखर कमी म्हणून पुन्हा. संध्याकाळपर्यंत ते माणूस चहाच पीत राहिलं. त्याला चहा आवडत नाही. पण जोवर चहा उकळतोय तोवर माणूस ओट्याशी उभं आहे, एवढंच त्याला समजत होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा शोधून सगळं ओतून दिलं. ते चुकलं. पण त्याला दुसरं काही येत नव्हतं.”

मला ती दुपार आठवत होती. कधी नव्हे तो चहा मागतोय, तोही आज, असा संताप झाला होता माझा! मरायलासुद्धा मेला हा माणूस निवांतपणा देत नाही, असं म्हणत मी गॅस पेटवला होता. कप आपटले होते. ह्यांच्या अंगावर एक उडालाही होता. आणि हे ओट्याजवळ स्टूल ओढून बसले होते, एकेक घोट कडू काढ्यासारखा गिळत.

“घरच्या माणसाने ते अजून बोलून दाखवलेलं नाही,” हे म्हणाले. “म्हणजे, कळलं होतं म्हणून. बोललं तर पुन्हा तसं होईल, अशी त्याला भीती वाटते. ते रोज शाळेत—रोज कामावर जातं आणि दिवसभर त्याला तेच बंद दार दिसतं. मला वाटतं, त्याला सांगायचंय की दार लावू नकोस. एवढंच.”

हे खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुखदेवची म्हातारी माझ्याशेजारी होती. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, “मोठी हुशारी केली माय तुम्ही. चहा मागून नवरा वाचवला.” सगळ्या बाया माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. मी त्यांच्यामधून उठले, सरळ ह्यांच्याकडे गेले आणि पुरुषांच्या बाजूला, सगळ्यांदेखत, ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. भाऊंनी नियम मोडला म्हणून हटकलं नाही.

त्या संध्याकाळी नळापाशी मी ह्यांना म्हटलं, “मला मरायचं होतं.” हे म्हणाले, “माहीत आहे.” मग आम्ही बोललो. आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोललो की धुणं तसंच भिजत राहिलं. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, “ते विचार?” मी म्हटलं, “येतात. पण आता ह्यांना सांगते.”

मी बरी झाले. लगेच नाही, सरळ रेषेत तर मुळीच नाही, पण झाले. हे मात्र कायमचे दारुडे ठरले. मुख्याध्यापकपद ह्यांच्याहून धाकट्या मास्तरांना गेलं. सव्वीस जानेवारीची शपथ दुसरं कोणी देऊ लागलं. बाजारात गावातले नामांकित पिणारे ह्यांना हात दाखवून आपुलकीने विचारत, “सर, बरं हाय ना आता?” लिंबू खायला लावलेला शिपाई तर घरी येऊन पाया पडला, म्हणाला, “तुम्ही आपलेच निघाले जी.” मी चिडून म्हणे, सांगून टाकू का सगळ्यांना? हे म्हणत, “कशाला? सिद्ध झालंय ना.”

वर्ष सरलं आणि केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. ह्यांना नव्हे, मला. व्यसनी नवऱ्याला सावरणाऱ्या सोशिक पत्नींचा सत्कार होता. मांडव, हार, खुर्च्यांना पांढरी कापडं. प्रमुख पाहुणे म्हणून भागातले मोठे पुढारी आले होते, सपत्नीक. त्यांनी अर्धा तास भाषण केलं. “माझ्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडणार नाही!” असं टेबलावर मूठ आपटून सांगितलं. त्यांच्या बाई शेजारी भरजरी लुगड्यात शांत बसल्या होत्या, फार शांत. मग मला साडी, नारळ आणि माईक दिला.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या नवऱ्याने कधी थेंबसुद्धा घेतलेला नाही. व्यसन मला होतं, गोळ्यांचं. मला मरायचं होतं, मला वाचवलं ते ह्यांनी. इथे बायकांसाठी खाट नाही म्हणून हे दारुडे झाले. निदान आता तरी एक खाट टाका.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बोलता सोय नाही. सुखदेव उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढाऱ्यांनी माईक ओढून घेतला आणि गहिवरून म्हणाले, “पाहा! नवऱ्याचा कलंक आपल्या माथी घेते, हिला म्हणतात भारतीय नारी!” तिजारे भाऊ डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेत आमचे हे मान खाली घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं पश्चात्तापाने रडताहेत. मला माहीत होतं, हसताहेत.

खाटेचं कोणी काढलंच नाही.

जेवणं झाल्यावर मी मागे हात धुवायला गेले. त्या नळापाशी पुढाऱ्यांच्या बाई उभ्या होत्या. हात कोरडे होते, नळ उगाच सोडलेला होता.

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं ते खरं का जी?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. तोच संथ आवाज, तीच जड पापणी. मांडवभर माणसांत माझ्यावर विश्वास ठेवणारी एकच बाई निघाली.

“खरं,” मी म्हटलं. “कधीपासून घेता?”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं तसंच मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी मान हलवली. मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

“एकदम सोडू नका. एकट्या राहू नका. डॉक्टरबाई आतच आहेत, आत्ता भेटवते. इथे राहायची सोयही होईल.”

“कशी होईल?” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमचे साहेब तं पेतच नाहीत.”

तेवढ्यात हे माझी साडी आणि नारळ सांभाळत मला शोधत आले. मी ह्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ह्यांनी चष्मा सारखा केला. मग बाईंना अदबीने म्हणाले, “तुमची हरकत नसेल तर मी बोलू? तुमचं नाव निघणार नाही.” बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि मान डोलावली.

ह्यांनी नारळ माझ्या हाती दिला, शर्टाची घडी सारखी केली आणि मांडवात गेले. पुढारी कार्यकर्त्यांच्या घोळक्यात फोटोसाठी उभे होते.

“साहेब,” आमचे हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “जरा बाजूला येता का? तुमच्या पिण्याविषयी बोलायचं होतं.”